डाव्या बाजूचा रंग

कारखान्यात त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणायचे. फरशांचा कारखाना होता. तिथे एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. पट्ट्यावरून येणाऱ्या फरशीतला दोष शोधायचा आणि त्याच्याभोवती लाल मेणपेन्सिलीने गोल काढायचा. केसाएवढी चीर असली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्तीच्या दिवशी मोठे साहेब भाषणात म्हणाले, "ह्यांच्या नजरेतून सुटला असा दोष आमच्या भट्टीतून अजून बाहेर आलेला नाही." टाळ्या पडल्या. भिंगसाहेबांनी घरी येऊन ते वाक्य बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "मला काय सांगता? मी राहते ना त्या नजरेबरोबर."

तिला जाऊन आता पाच महिने झाले होते.

घरात तिच्या वस्तू पुष्कळ होत्या, पण भिंगसाहेब रोज सकाळी खाली उतरून पाहायचे ती गाडी. गडद निळी, अकरा वर्षांची. ते स्वतः कारखान्याच्या बसने जायचे, त्यामुळे दिवसभर गाडी बायकोकडेच असे. ती शाळेत शिकवायची. शाळा, बाजार, मुलीचे क्लास, सगळं तिनेच त्या गाडीवर केलं. रविवारी तेवढे भिंगसाहेब चालवायचे. भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं होतं, "तिने गाडी कशी वापरली बघा. अकरा वर्षं, आणि एक ओरखडा नाही." लोक मान हलवायचे. गेलेल्या बायकोबद्दल सांगायला ह्यांना एवढंच सापडलं का, असं त्यांना वाटत असावं. भिंगसाहेबांना मात्र ह्याहून मोठी स्तुती येत नव्हती.

आता ही गाडी मुलीला द्यायची होती. मुलगी चार गल्ल्या सोडून राहायची आणि स्कूटरवर पुढे लेकीला उभी करून नोकरीला जायची. मागच्या महिन्यात एकदा ओल्या रस्त्यावर घसरली, दोघींचे गुडघे सोलले. भिंगसाहेबांनी त्याच संध्याकाळी किल्ली तिच्यापुढे ठेवली.

"नको बाबा."

"का नको? उभीच असते."

"माझी स्कूटर बरी आहे. तुमची गाडी मला नको."

तीन वेळा विचारलं, तीन वेळा नको. भिंगसाहेबांनी खूप विचार केला आणि त्यांना वाटलं, आपल्याला कारण सापडलं. एवढी जपलेली गाडी, हातून काही लागलं तर काय, ह्याची पोरीला धास्ती. मग गाडीला असं काहीतरी लावून घ्यायचं की लागणारच नाही. म्हणून ते एका सोमवारी गाडी घेऊन कोटिंगच्या स्टुडिओत गेले.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट शेड होती. फरशी इतकी स्वच्छ की भिंगसाहेबांनी दारातच चप्पल काढायला घेतली. छताला पांढऱ्या दिव्यांच्या रांगा. मालकीण तिशीची होती, हातात काळे रबरी मोजे, केस रुमालात बांधलेले.

"चप्पल राहू द्या हो काका. काय करायचंय?"

"तुमच्याकडे सगळ्यात भारी जे असेल ते."

"आधी मला तू म्हणा. आणि भारी कशासाठी? ऊन, धूळ, की माणसं?"

प्रश्न भिंगसाहेबांना आवडला. "माणसं," ते म्हणाले.

"मग ऐका. एक असतं मेण. हाताने लावायचं, तीन-चार महिने चमकतं, पुन्हा लावायचं. दुसरं सिरॅमिक. रंगावर काचेसारखा पातळ थर बसतो. धूळ चिकटत नाही, पाणी घसरून जातं, उन्हाने रंग मरत नाही. पण गाडी भिंतीला घासली तर सिरॅमिक काही करत नाही, लोकांना उगाच वाटतं. तिसरी फिल्म. पारदर्शक असते, जाड असते. लहानसहान ओरखडा तीच अंगावर घेते, खालच्या रंगाला पत्ता लागत नाही."

"फिल्म. पूर्ण गाडीला."

"लावू. पण आधी मोजते."

"मोजायचंय काय त्यात? कंपनीचा रंग आहे. अकरा वर्षांत..."

"एक ओरखडा नाही," ती म्हणाली. "काका, इथे येणाऱ्या प्रत्येकाची गाडी अशीच असते. माझं यंत्रच तेवढं संशयी."

यंत्र मुठीत मावणारं होतं. पत्र्याला टेकवलं की टिक वाजायचं आणि रंगाची जाडी किती ते आकड्यात दिसायचं. असं यंत्र कारखान्यात असतं तर, असं भिंगसाहेबांच्या मनात आलं, आणि लगेच वाटलं, नव्हतं तेच बरं, नाहीतर आपलं काम गेलं असतं. ती उजव्या बाजूने निघाली. एकशे बारा. एकशे पंधरा. एकशे दहा. बॉनेट, छप्पर, सगळं तसंच. भिंगसाहेब पाठीमागे हात बांधून तिच्यामागून चालत होते, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाच्या बापासारखे.

डाव्या मडगार्डवर यंत्र म्हणालं, तीनशे पाच.

तिने यंत्राचं टोक पुसलं, पुन्हा टेकवलं. तीनशे आठ.

"बिघडलं वाटतं," भिंगसाहेब म्हणाले.

"उजव्या बाजूला नव्हतं बिघडलं."

पुढचं डावं दार, दोनशे नव्वद. मागचं डावं दार, तीनशे वीस. डिकीचं झाकण, दोनशे साठ. ती इकडेतिकडे पाहत म्हणाली, "माझा मार्कर कुठे गेला?" भिंगसाहेबांचा हात आपोआप खिशात गेला. लाल पेन्सिल अजूनही त्यांच्या खिशात असायची. तिने त्या पेन्सिलीने चार ठिकाणी चार गोल काढले आणि पेन्सिल आपल्याच कानामागे अडकवली.

"ह्या चार जागी पुन्हा रंग मारलाय. काम झकास आहे, डोळ्याला कळायचं नाही. पण खालची तयारी कच्ची असेल, तर उद्या फिल्म काढताना तिच्याबरोबर रंगही सोलून येईल. म्हणून कोणी मारलाय ते विचारून या. तुमच्याआधी गाडी कोणाची होती?"

"माझीच. नवी घेतली."

"मग घरात विचारा."

"घरात आता कोणी नाही," भिंगसाहेब म्हणाले. तिने मोजे काढले आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, पण ते बसले नाहीत. बाहेर आले आणि गाडीत जाऊन बसले.

त्यांना आधीची गाडी आठवली. त्यांची पहिली गाडी, पांढरी. घेऊन दोन महिने झाले होते आणि बायकोने ती फाटकाच्या खांबाला घासली. बोटभर ओरखडा. भिंगसाहेब घरी आले, त्यांनी पाहिलं, पेन्सिल काढली आणि ओरखड्याभोवती लाल गोल काढला. शेजारच्यांना बोलावून दाखवला. सगळे हसले, तीही हसली. गोल पुसायचा नाही असं त्यांनी सांगितलं, आठवण राहावी म्हणून. ती आठ दिवस तो गोल घेऊन शाळेत गेली. पोरांनी विचारलं असेल, बाकीच्या शिक्षिकांनी विचारलं असेल. भिंगसाहेबांना ती गंमत वाटली होती. आत्ता, ह्या गाडीत बसून, पहिल्यांदाच त्यांनी त्या गोलाकडे तिच्या बाजूने पाहिलं.

ती आपल्याला भीत होती का? एवढी वर्षं एका घरात राहून, भीत होती?

त्यांनी मुलीला फोन लावला.

"गाडीच्या डाव्या बाजूला रंग कधी मारला?"

मुलीने आवाज खाली आणला.

"कोणी सांगितलं?"

"यंत्राने."

"बाबा, आईने शपथ घातली होती मला."

"किती वेळा?"

"मला दोनदाचं माहीत आहे. लाकडाच्या वखारीमागे एक रंगारी आहेत, मास्तर म्हणतात त्यांना. त्यांनाच विचारा. आणि बाबा, त्यांच्यावर रागावू नका."

"मी रागावतो?"

"ऑफिसात आहे, संध्याकाळी बोलू," एवढंच म्हणाली.

वखारीमागे पत्र्याचं एक छप्पर होतं. जमिनीवर इतक्या रंगांचे थेंब पडले होते की मुळात ती कशाची आहे ते कळत नव्हतं. एक म्हातारा उकिडवा बसून कुणाच्या तरी व्हॅनच्या दाराला पॉलिशपेपर घासत होता. कॉम्प्रेसर धडधडत होता. गाडी आत येऊन थांबली, तशी निळं मडगार्ड तेवढं पाहून, मान वर न करताच तो ओरडला, "या बाई! ह्या वेळेस कोणती बाजू?"

भिंगसाहेब उतरले. मास्तरांनी वर पाहिलं आणि घाईघाईने उठले.

"साहेब, तुम्ही? बाई नाही आल्या?"

"गेली ती. पाच महिने झाले."

मास्तरांनी जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. मग एक रिकामा डबा पालथा घातला, वरून फडका मारला आणि म्हणाले, "बसा. त्या ह्याच डब्यावर बसायच्या."

भिंगसाहेब बसले. पेपर घासून मास्तरांची बोटं पांढरी झाली होती, ती ते पुसत राहिले.

"फिल्म लावायची आहे, म्हणून रंगाचं विचारायला आलो," भिंगसाहेब म्हणाले. मग म्हणाले, "नाही. ते नंतर. मास्तर, ती मला घाबरायची का?"

मास्तरांनी फडका खांद्यावर टाकला.

"पहिल्यांदा आल्या तेव्हा, हो. खोटं कशाला सांगू? मागचं दार होतं. म्हणाल्या, साडेसहाच्या आत करून द्या, साडेसहाला ते घरी येतात. मी म्हटलं, बाई, हा रंग आहे, इस्त्री नाही. दोन दिवस लागतील. तर रडायला लागल्या. म्हणाल्या, ते गोल काढतील. मला कळेना, कसला गोल." त्यांनी गाडीच्या मागच्या दाराकडे बोट केलं. "हाच का तो?"

भिंगसाहेबांनी मान हलवली.

"मग मीच म्हटलं, घरी सांगा बॅटरी गेली, गाडी गॅरेजला आहे. तेवढं चाललं."

"दोनदा गेली होती बॅटरी," भिंगसाहेब सावकाश म्हणाले.

"दुसऱ्या वेळेस मडगार्ड. तेव्हा तुम्ही बॅटरीच्या कंपनीला पत्र लिहिलंत."

"चार पानी."

"आणि त्यांनी घाबरून नवी बॅटरी फुकट दिली! बाई इथे येऊन पोट धरून हसत होत्या. ह्याच डब्यावर. म्हणाल्या, मास्तर, ती बिचारी बॅटरी ठणठणीत होती हो. तिसऱ्या वेळेस पुढचं दार घेऊन आल्या ते गेटातूनच ओरडत, आता बॅटरी चालायची नाही, दुसरं काहीतरी शोधा, ते पत्र लिहितात! मग ठरलं की मुलगी मैत्रिणींबरोबर सहलीला गाडी घेऊन गेली."

भिंगसाहेबांना ती सहल आठवली. परत आल्यावर त्यांनी भिंग घेऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या होत्या आणि मुलीची पाठ थोपटली होती. शाब्बास, एक ओरखडा नाही. मायलेकी स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या आणि नळ जोरात सोडला होता. तो नळ कशासाठी सोडला होता ते त्यांना आत्ता कळलं.

ते हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. पण हसू मध्येच कुठेतरी अडकलं आणि त्यांना चष्मा काढावा लागला. मास्तरांनी तोंड फिरवून व्हॅनच्या दाराकडे पाहिलं.

"म्हणजे पुढे भीती गेली तिची?"

"ते मी कसं सांगू साहेब? गेली असेल, किंवा सवय झाली असेल. हसत होत्या एवढं खरं."

भिंगसाहेबांना उत्तर गोड लागलं नाही, पण खरं वाटलं.

"आणि डिकी? ती कुठे ठोकली तिने?"

मास्तरांनी पॉलिशपेपर उचलला आणि परत खाली ठेवला.

"मुलीने?"

"तुम्ही, साहेब."

भिंगसाहेब डब्यावरून उठले.

"गेल्या वर्षी," मास्तर म्हणाले. "मुलगी चालवत होती. बाई शेजारी बसलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेला. उतरल्या नाहीत. काच खाली केली आणि म्हणाल्या, मास्तर, ह्या वेळेस चोर दुसरा आहे. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तुम्ही गाडी मागे घेताना लोखंडी पाइपला लागली. डिकी चांगली दोन बोटं आत गेली होती. म्हणाल्या, त्यांना कळलंसुद्धा नाही. हल्ली त्यांना काही दिसतच नाही. आज ना उद्या दिसेल, आणि दिसलं तर स्वतःभोवतीच गोल काढत बसतील. त्याआधी करून टाका."

भिंगसाहेबांना तो दिवस आठवत होता. हातात तपासण्यांची फाइल होती, डॉक्टर जे बोलले होते ते डोक्यात घुमत होतं. गाडी मागे घेताना धक्का बसला आणि त्यांना वाटलं गतिरोधक असेल. शेजारी बसलेली ती काहीच बोलली नव्हती. केसाएवढी चीर पकडणाऱ्या माणसाला दोन बोटं दबलेली डिकी दोन दिवस दिसली नाही. तिला दिसली. अंगात उभं राहायचं बळ नव्हतं तेव्हा ती इथवर आली आणि तो पोचा पुसून गेली.

मास्तर म्हणाले, "फिल्म बिनधास्त लावा. माझा रंग सुटायचा नाही."

"एक मऊ फडका द्या," भिंगसाहेब म्हणाले. "आणि थोडं पेट्रोल."

त्यांनी चारही गोल स्वतः पुसले. डिकीचा सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओत गेले.

"काय म्हणाले रंगारी?"

"रंग पक्का आहे."

"मग घेऊ फिल्म कापायला?"

"फिल्म नको. ते दुसरं. ज्याने ओरखडा थांबत नाही ते."

ती हसली. "काका, लोक उलटं मागतात."

"मुलीला द्यायची आहे. फिल्म लावली तर तिला वाटेल, बाबांनी बंदोबस्त केलाय, आता काही लागता कामा नये. धुवायला सोपी झाली की पुरे."

तिने मोजे चढवले. गाडी आत घेताना तिला कानामागचं आठवलं. "ही तुमची पेन्सिल राहिली माझ्याकडे."

"असू दे. तुला लागेल."

सिरॅमिक बसल्यावर सात दिवस गाडी धुवायची नव्हती. भिंगसाहेबांनी सात दिवस मोजले आणि आठव्या दिवशी गाडी मुलीच्या दारात नेऊन उभी केली. मुलगी खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाने बॉनेट दाबून पाहिलं.

"फिल्म लावली?"

"नाही."

"मग ओरखडा पडला तर?"

"पडेल."

"आणि गोल?"

"पेन्सिल देऊन टाकली."

तिचा विश्वास बसला नाही. बापाच्या सदऱ्याच्या खिशात बोटं घालून तिने खात्री करून घेतली. मग तिथेच पायरीवर बसली.

"आई तुम्हाला सांगणार होती, बाबा. म्हणायची, ह्यांच्या पंचाहत्तरीला सांगीन. तोवर ऐकू कमी येईल."

भिंगसाहेब तिच्या शेजारी बसले. "आधी सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं?"

"गोल काढला असता."

"हो," ते म्हणाले. "काढला असता."

मग मुलीने हात पुढे केला आणि त्यांनी किल्ली दिली.

पुढचे तीन आठवडे भिंगसाहेब सकाळी सवयीने खाली उतरायचे, रिकाम्या जागेकडे पाहायचे आणि वर यायचे. एका शनिवारी बाराच्या सुमाराला ते शर्टाचं बटण लावत बसले होते. सुईत दोरा जात नव्हता. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा." मुलीचा आवाज बारीक झाला होता. मागून नात काहीतरी सांगत होती आणि मुलगी तिला गप्प बसवत होती. "बाबा, बॅटरी गेली."

भिंगसाहेबांनी सुई टेबलावर ठेवली.

"कोणत्या दाराची?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "उजव्या. मागच्या."

"लागलं नाही ना कोणाला?"

"नाही. खांब होता."

"उजवी बाजू राहिलीच होती," भिंगसाहेब म्हणाले आणि चपला शोधू लागले. "आत्ताच निघ. मास्तर एकला जेवायला घरी जातात. मी वखारीपाशी येतो."